ठेवीदाराला मत कुठे आहे?

बँक किंवा पतसंस्था बुडाली की संचालकांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते: ठेवीदारांनी घाई केली नसती तर संस्था तरली असती. तारण भक्कम होते, वसुलीही चालू होती. पण कुणीतरी अफवा उठवली, सगळे एकाच वेळी पैसे मागायला आले, आणि एका दिवसात सगळ्यांचे पैसे कुठली बँक देऊ शकते? दुधनीसारख्या गावात हे म्हणणे लोकांना पटतेही. इथे बाजार समितीच्या आवारात सकाळी निघालेला तुरीचा भाव दुपारपर्यंत सीमेपलीकडे आळंद-अफझलपूरला पोचतो. बँकेबद्दलची कुजबुज त्याच वाटेने, आणखी लवकर पोचते. पण हे वाक्य म्हणजे उलटा चोर कोतवालाला दटावतो त्यातला प्रकार आहे, असे माझे मत आहे. ठेवीदार पळतो कारण पळण्याखेरीज दुसरा कुठलाच अधिकार आपल्या सहकारी व्यवस्थेने त्याच्या हातात ठेवलेला नाही. आणि तो पळू लागतो तोवर पैसे बहुधा आधीच गेलेले असतात.

आपल्याच जिल्ह्याचे बघा. सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये निर्बंध घातले आणि ठेवीदाराला काढता येईल अशी रक्कम 1,000 रुपयांवर आणली. लाखाची पावती असलेल्यालाही 1,000 आणि बचत खात्यात पाच हजार असलेल्यालाही 1,000. दरवाजाच बंद झाला म्हटल्यावर रांगेला काही अर्थ उरत नाही. तरीही बँक वाचली नाही. 22 सप्टेंबर 2022 रोजी तिचा परवाना रद्द झाला आणि कारणे सांगितली गेली ती अशी, की बँकेकडे पुरेसे भांडवल नाही आणि पुढे कमाईची शक्यताही दिसत नाही. यातला फरक नीट लक्षात घ्यायला हवा. रांगेने बँकेची रोकड संपते. भांडवल संपते ते बुडीत कर्जांनी. रोकड एका दुपारी संपू शकते. भांडवल वर्षानुवर्षे झिजत असते, आणि ते झिजताना दर मार्चमध्ये थकीत कर्ज ‘नवं-जुनं’ करून ताळेबंद चकचकीत ठेवलेला असतो. ठेवीदाराला त्यातले काही दिसत नाही. त्याला दिसते ती काउंटरवर नेहमीच्या ओळखीने विचारपूस करणारी बाई आणि दारावर येणारा पिग्मीवाला.

मुंबईच्या पीएमसी बँकेत हेच प्रचंड प्रमाणात झाले. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिथे निर्बंध घातले तेव्हा उघड झाले, की बँकेच्या एकूण कर्जांपैकी 70 टक्क्यांहून अधिक कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकले होते आणि ते लपवण्यासाठी 21,049 बनावट कर्जखाती दाखवली होती. निर्बंधांच्या दुसऱ्या दिवशी शाखांसमोर जमलेल्या गर्दीने ती खाती उघडली नव्हती. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये मात्र खरोखरच रांगा लागल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये कुटे समूहावर आयकर विभागाचे छापे पडले, त्या समूहाचे प्रमुख सुरेश कुटे हेच पतसंस्थेचेही प्रमुख, त्यामुळे ठेवीदार शाखांवर धडकले आणि थोड्याच दिवसांत पैसे मिळेनासे झाले. वरवर पाहता अफवेने संस्था बुडवली असे म्हणायला हे उत्तम उदाहरण. पण अंमलबजावणी संचालनालयाचा आरोप असा आहे, की ठेवीदारांचे 2,400 कोटींहून अधिक रुपये पुरेशा तारणाशिवाय कर्ज म्हणून कुटे समूहाच्याच कंपन्यांकडे वळवले गेले. प्रकरण न्यायालयात आहे, निकाल लागायचा आहे. आरोप खरा ठरला तर रांगेतल्या माणसाने काय बुडवले? तिजोरी रिकामी आहे एवढे त्याने जगाला दाखवून दिले, इतकेच.

असे पुन्हा पुन्हा का होते, याचे उत्तर मला माणसांच्या लबाडीइतकेच सभासदत्वाच्या रचनेत दिसते. नागरी सहकारी बँकेत कर्ज घ्यायचे तर शेअर्स घ्यावे लागतात. रूढ प्रमाण तारणी कर्जाला अडीच टक्के आणि विनातारण कर्जाला पाच टक्के. म्हणजे 20 लाखांच्या तारणी कर्जातून 50,000 रुपये शेअर्सपोटी कापले जातात आणि कर्जदार मतदार होतो. जामीनदारालाही बहुतेक ठिकाणी सभासद करून घेतात. ठेवीदाराला शेअर घ्यायची सक्ती नसते, आणि घ्या असे कुणी आग्रहाने सांगतही नाही. परिणाम असा, की ज्याने बँकेचे पैसे घेतले आहेत तो संचालक निवडतो, आणि ज्याचे पैसे आहेत तो बाहेर उभा. मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये तर हे आणखी बिनबोभाट होते. कायद्याने त्यांना सभासदांकडूनच ठेवी घेता येतात, म्हणून अनेक ठिकाणी ठेवीदाराला अर्जावरच्या एका सहीत ‘नाममात्र सभासद’ करून टाकतात. नाममात्र सभासदाला मत नसते. आपण सभासद झालो आहोत हे अनेकांना संस्था बंद पडल्यावर कळते. सीमेवरच्या गावात ‘मल्टिस्टेट’ या शब्दाचे कुणाला नवल वाटत नाही, कारण इथला धंदाच रोज दोन राज्यांत चालतो. पण अशा संस्थेची नोंदणी दिल्लीत केंद्रीय निबंधकाकडे असते आणि जिल्ह्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार घेऊन गेलेला माणूस हात हलवत परत येतो.

यावर अर्थशास्त्र शिकलेला माणूस एक वजनदार आक्षेप घेईल. बँक अल्पमुदतीच्या ठेवी घेते आणि लांब मुदतीची कर्जे देते. त्यामुळे पूर्ण निरोगी बँकसुद्धा सगळे एकदम आले तर कोसळते. याच विषयावरच्या सिद्धांतासाठी डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांना 2022 मध्ये बेन बर्नान्के यांच्याबरोबर नोबेल मिळाले. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पण निरोगी बँकेवरची धाव आणि पोखरलेल्या बँकेवरची धाव सारखीच दिसत असली, तरी तिच्यात पुढे कोण असते यावरून ती ओळखू येते. गुजरातमधल्या एका सहकारी बँकेच्या ठेवीदारांचा खातेनिहाय अभ्यास राजकमल अय्यर आणि मंजू पुरी यांनी केला आहे. 2001 मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक केतन पारेख प्रकरणात कोसळली आणि त्या भीतीने या दुसऱ्या, बऱ्या स्थितीतल्या बँकेवरही लोक धावले. अय्यर आणि पुरी यांनी पुढे आणखी एका सहकाऱ्यासह त्याच बँकेवर नंतर आलेल्या, आणि या वेळी पाया खरोखर डळमळीत असतानाच्या, धावेशी या पहिल्या धावेची तुलना केली. पहिल्या वेळी बँकेचे कर्मचारी आणि कर्जदार असलेले ठेवीदार इतरांपेक्षा कमी प्रमाणात पळाले. दुसऱ्या वेळी तेच इतरांपेक्षा जास्त पळाले. आतली माहिती असलेल्याने आपली ठेव हलवणे, ही रांगेची खरी सुरुवात. रणरणत्या उन्हात टोकन घेऊन उभा असलेला निवृत्त शिक्षक त्या रांगेचे शेवटचे टोक असतो, आणि घाई केल्याचा दोष त्याच्या माथी येतो.

निरोगी बँकेला नाहक धावेपासून वाचवायचे तर त्याचा उपाय जगाला माहीत आहे, तो म्हणजे ठेव विमा; आणि तो अर्धवट असला तर काय होते हेही माहीत आहे. सप्टेंबर 2007 मध्ये इंग्लंडच्या नॉर्दर्न रॉक बँकेपुढे रांगा लागल्या तेव्हा तिथे विमा होता, पण पूर्ण भरपाई पहिल्या 2,000 पौंडांची आणि त्यापुढच्या 33,000 पौंडांवर 90 टक्के. दहा टक्के जाणार असतील तर शहाणा माणूस रांगेतच उभा राहील. 2023 च्या मार्चमध्ये अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढून घेण्याचा प्रयत्न झाला. तिथल्या ठेवींपैकी 90 टक्क्यांहून अधिक रक्कम विम्याच्या मर्यादेबाहेर होती. आपल्याकडे हा विमा आला तोच अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलई सेंट्रल बँक 1960 मध्ये बुडाल्यानंतर. 1962 पासून तो लागू झाला, तेव्हा मर्यादा होती 1,500 रुपये. (अकोल्याच्या लक्ष्मीने विमा आणला आणि साठ वर्षांनी तो सोलापूरच्या लक्ष्मीच्या ठेवीदारांच्या कामी आला, बँकांना देवीचे नाव देण्याची आपली हौस काही कमी होत नाही.) मर्यादा 1993 पासून एक लाखावर अडकून होती, पीएमसीनंतर, फेब्रुवारी 2020 मध्ये, ती पाच लाख झाली. 2021 च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत विम्याचे पैसे देण्याची तरतूद केली. त्यामुळे पुण्याच्या रुपी बँकेच्या ठेवीदारांनी 2013 पासून निर्बंधांखाली जी वर्षे काढली, ती सोलापूरकरांच्या वाट्याला आली नाहीत. लक्ष्मी बँकेचा परवाना रद्द होण्याआधीच 193.68 कोटी रुपये ठेवीदारांना मिळाले होते, आणि सुमारे 99 टक्के ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम मिळेल असे रिझर्व्ह बँकेने सांगितले.

मग प्रश्न सुटला की, असे कुणी म्हणेल. सुटला, पण बँकेपुरता, आणि तोही पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेला हा विमा नाही. ती राज्याच्या कायद्याखाली असो की मल्टिस्टेट. दुधनीच्या पंचक्रोशीत तुरीची पट्टी झाल्यावर हातात आलेला पैसा ज्या ज्या ठिकाणी जातो, त्यातल्या किती ठिकाणी विमा आहे हे विचारून ठेव ठेवणारा माणूस विरळा. पाटीवर मोठ्या अक्षरात संस्थेचे नाव असते, आत काचेची केबिन, संगणकावर छापलेले पासबुक, लॉकरची सोय. फक्त ‘बँक’ हा शब्द नसतो, कारण परवान्याशिवाय तो वापरता येत नाही. नेमके जे नाही तेच महत्त्वाचे, हे पाटी वाचून कुणाला कळणार?

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो शहरातल्या वर्तमानपत्री चर्चेत फार लाडका आहे: हे लोक जास्त व्याजाला भुलतात, मग रडतात. ज्ञानराधाच्या बाबतीत 12 ते 14 टक्क्यांची आमिषे दाखवली गेली, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे, आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या जवळपास दुप्पट व्याज देणारी संस्था कर्ज किती टक्क्यांनी आणि कुणाला देत असेल, हा प्रश्न ठेवीदाराने विचारायला हवा होता, हे मला मान्य आहे. पण लोभ हे अर्धेच कारण आहे. राष्ट्रीयीकृत बँकेत भाषा, अर्ज, केवायसी आणि ‘सर्व्हर डाऊन’ यांच्याशी झगडायला आडतीवरच्या हमालाला सवड नसते. पिग्मीवाला रोज संध्याकाळी गाळ्यावर येऊन शंभर रुपये नेतो, पावती देतो आणि मुलीच्या लग्नात ते हातात देतो. ही सेवा आहे आणि तिची गरज खरी आहे. 1928 मध्ये उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, पिग्मी सुरू केली तीही याच गरजेतून. लक्ष्मी किंवा रुपीच्या ठेवीदारांनी तर कुठे दामदुप्पट मागितले होते? त्यांनी रीतसर परवाना असलेल्या बँकेत नेहमीच्या व्याजाने पैसे ठेवले होते. त्यांना लोभी म्हणणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणे.

म्हणून विम्याइतकाच माझा आग्रह मतावर आहे. ही काही नवी कल्पना नाही. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या आर. गांधी समितीने 2015 मध्येच नागरी बँकांच्या संचालक मंडळात ठेवीदारांसाठी बहुसंख्य जागा राखून ठेवण्याची शिफारस केली होती. 2019 अखेर मोठ्या नागरी बँकांना व्यवस्थापन मंडळ नेमायला सांगण्यात आले, पण ते नेमणार संचालक मंडळच. 2023 मध्ये मल्टिस्टेट कायद्यात दुरुस्ती होऊन निवडणूक प्राधिकरण आणि लोकपाल आले. मतदार यादीत कोण, हा प्रश्न मात्र होता तिथेच राहिला. यावर सहकारातले जुने कार्यकर्ते दोन गोष्टी सांगतात. एक, ठेवीदार सभेला येणारच नाही. दुसरी, आलाच तर तो कर्ज देऊच देणार नाही आणि मग गावातल्या छोट्या धंदेवाल्याने जायचे कुठे? दुसऱ्या शंकेत तथ्य आहे. ठेवीदारांचे वर्चस्व असलेली बँक जपून चालेल, कदाचित नको इतकी जपून. पण छोट्या धंदेवाल्याला कर्ज देऊन आजवर कुठली बँक बुडाली? पीएमसी एका समूहाने बुडवली. ज्ञानराधातही आरोप एकाच समूहाचे नाव घेतो. पन्नास हजारांचे कर्ज घेणारा गाडीवाला थकला तर त्याच्या दारात वसुली अधिकारी तिसऱ्या महिन्यात उभा असतो. तिथे कुणाचे हात थरथरत नाहीत.

आणि ठेवीदार सभेला येणार नाही, हे म्हणणाऱ्यांनी एकदा सभेची रीत पाहावी. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, वार्षिक सभा घ्यावी लागते. लेखापरीक्षण अहवालाचा विषय वाचला जातो, समोरच्या दोन ओळींतून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज येतो आणि पुढचा विषय सुरू होतो. संस्थेला अ, ब, क, ड यांपैकी कुठला वर्ग मिळाला, सगळ्यांत मोठे कर्जदार कोण, त्यांच्यातले किती संचालकांचे नातलग, थकबाकी नवं-जुनं करून झाकली आहे का, हे विचारायची जागा तीच असते. त्या सभेची नोटीस सभासदाला जाते. ज्याच्या ठेवीतून हे सारे चालते, त्याला ती पाठवण्याची सक्ती कुणावरच नाही.