फडफडणाऱ्या ट्यूबलाइटी

हौशी मंडळींचा कुठलाही थ्रीडी भुताटकीचा गेम उघडा, एक तरी ट्यूबलाइट फडफडत असतेच. तक्रार तिच्याबद्दल नाही, ती फडफडवतात कशी याबद्दल आहे. नेटवरून दहा ओळींची स्क्रिप्ट उचलायची, दर फ्रेमला एक रँडम आकडा काढून दिव्याच्या प्रखरतेत कोंबायचा, की झालं! मग साठ फ्रेमच्या मॉनिटरवर एक लय आणि एकशे चव्वेचाळीसवर भलतीच.

१९९६ च्या 'क्वेक'ने हे किती साधेपणाने केलं होतं बघा. तिथे दिव्याची लय म्हणजे चक्क अक्षरांची एक ओळ. 'ए' म्हणजे काळोख, 'एम' म्हणजे नेहमीचा उजेड, 'झेड' म्हणजे साधारण दुप्पट. सेकंदाला दहा अक्षरं वाचायची, ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. 'एम-ए-एम-ए' लिहिलं की स्ट्रोब तयार. भिंतीवरचा उजेड आणि सावल्या आधीच मोजून ठेवलेल्या, चालू गेममध्ये फक्त त्यांना त्या अक्षराच्या किमतीने गुणायचं. एका पृष्ठभागावर अशा जास्तीत जास्त चार लयी, बस्स. त्या काळच्या पेंटियमलाही ते झेपायचं. पुढे 'हाफ-लाइफ'ने हीच पद्धत उचलली आणि २०२० च्या 'हाफ-लाइफ: अलिक्स'मध्येही त्याच ओळीवर मिणमिणणारा दिवा लोकांनी ओळखला. चोवीस वर्षं टिकलेला कोड आपल्यापैकी कितीजणांनी लिहिलाय, राव?

पण मला ही पद्धत आवडते ती जुन्या गेमच्या प्रेमापोटी नाही. इथे लय हा विदा आहे, कोड नाही. तो एका जागी असतो, म्हणून एका जागी तपासता येतो. आणि तपासायला हवाच. आता 'एम-ए-एम-ए'चंच गणित करा: दोन अक्षरांचं एक आवर्तन, म्हणजे सेकंदाला पाच झगमगाट. वेब अॅक्सेसिबिलिटीच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मर्यादा तीनची आहे. ही नुसती कागदी मर्यादा नाही. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा उजेड सेकंदाला सुमारे बारा वेळा उघडमीट झाला आणि साडेसहाशेहून जास्त जणांना, बहुतेक पोरांनाच, इस्पितळात न्यावं लागलं. त्यातल्या अनेकांना त्याआधी कधीच फिट आलेली नव्हती. म्हणजे "ज्यांना त्रास होतो त्यांनी खेळू नये" हा युक्तिवादही लंगडा. आपल्याला त्रास होतो हे आधी कळायला तर हवं ना!

"मग वातावरणनिर्मितीचं काय?" असं कुणीतरी विचारणारच. मेणबत्ती खुशाल थरथरू द्या की! 'एम'वरून 'एन', 'ओ' असं थोडंथोडं चढ-उतरलं तर उजेड पाव भागापेक्षाही कमी बदलतो. घात होतो तो 'ए' ते 'झेड' उड्यांनी, त्यातही पूर्ण पडदा उजळत असेल तर.

तेव्हा चाळीस दिव्यांना चाळीस स्क्रिप्टा चिकटवू नका. लयींची एकच यादी ठेवा आणि सेटिंग्जमध्ये 'झगमगाट कमी' असा एक पर्याय द्या, जो सगळ्या ओळींच्या जागी सरळ 'एम' वाचेल. आणि हो, तो पर्याय पहिल्या स्क्रीनवर येऊ द्या, तिसऱ्या मेनूच्या पोटात नको.