गोणीचा भाव आणि विहिरीचं पाणी

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार महाराष्ट्रात तपासलेल्या सुमारे ३५ टक्के नमुन्यांत नायट्रेटचं प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर आहे. देशातल्या सर्वांत गंभीर १५ जिल्ह्यांपैकी सात आपले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, जळगाव, नांदेड, बीड. असं पाणी दिसायला नितळ असतं. उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटलं की उलट दाट होतं. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्यानं घटते. हे पाणी सुधारायचं तर खताच्या भावाला हात घालावा लागेल.

१. युरियाची ४५ किलोची गोणी करांसह २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिच्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे किलोभर नत्र जेमतेम १३ रुपयांना पडतं. डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांची. २०१० साली स्फुरद-पालाशयुक्त खतांचं अनुदान अन्नद्रव्यांनुसार ठरू लागलं, युरियाचा भाव मात्र सरकारनं बांधलेलाच राहिला. पीक जरा पिवळं दिसलं की हात स्वस्त गोणीकडे जाणारच. टाकलेल्या नत्रातलं निम्म्याहून कमी पिकाला लागू पडतं. उरलेल्यातलं काही हवेत जातं, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर झिरपत विहिरीत उतरतं. जादा खत टाकायला उत्तेजन देणारा भाव आपण सरकारी खर्चानं टिकवला आहे. शेतकऱ्याला दोषी ठरवण्याआधी हे मान्य केलं पाहिजे.

२. दंडानं हे सुटणार नाही. कारखान्याचं सांडपाणी नळीतून बाहेर पडतं, तिथं नमुना घेता येतो. शेतातून झिरपणाऱ्या नत्राला तोंडच नसतं.

३. मग नत्राचे परवाने वाटून त्यांची खरेदी-विक्री करावी का? न्यूझीलंडमधल्या ताऊपो सरोवराभोवती हे झालं आहे. वायकाटो प्रादेशिक परिषदेनं २००१ ते २००५ या काळातलं प्रत्येक शेताचं सर्वांत जास्त नत्रगळतीचं वर्ष धरून त्याची कमाल मर्यादा ठरवली. ज्याला जास्त हवं त्यानं दुसऱ्याकडून विकत घ्यायचं. शिवाय केंद्र सरकार, प्रादेशिक परिषद आणि जिल्हा परिषद यांनी मिळून सुमारे ८ कोटी न्यूझीलंड डॉलरचा निधी उभारला. एका न्यासानं त्यातून परवाने विकत घेऊन ते कायमचे बाद केले आणि गळती २० टक्के कमी करण्याचं उद्दिष्ट २०१५ मध्ये गाठलं. अनेक कुरणांवर पाइनची झाडं लागली.

या योजनेतल्या दोन गोष्टी आपण नीट पाहाव्यात. पहिली, ज्यांनी आधीपासून जास्त नत्र सोडलं त्यांनाच मोठा वाटा मिळाला; ज्यांनी जमीन फारशी वापरलीच नव्हती, त्यांत माओरी जमीनमालकही होते, त्यांचे हात बांधले गेले. दुसरी, तिथं गळतीचा हिशेब संगणकीय प्रारूपानं शेतागणिक मांडता आला, कारण शेतं मोजकी आणि मोठी होती. आपल्याकडे सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर. एकेका शिवारात शेकडो खातेदारांचा असा हिशेब कोण ठेवणार? परवान्यांचा बाजार इथं चालणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. चालेल तो त्यामागचा विचार: कमी नत्र सोडणाऱ्याच्या पदरात पैसा पडला पाहिजे.

४. तो पैसा अनुदानातच आहे. आज अनुदान खत कंपन्यांना मिळतं, तेही पॉस यंत्रावर विक्री नोंदली गेल्यावर. म्हणजे गोणी खपली तरच. हीच रक्कम एकरी हिशेबानं शेतकऱ्याच्या खात्यात जमा करावी आणि युरियाचा भाव पाच-सात वर्षांत टप्प्याटप्प्यानं वर न्यावा. आधी पैसे, मग भाववाढ, हा क्रम मोडता कामा नये. दोन गोण्या कमी टाकणाऱ्याचे पैसे मग त्याच्याकडेच उरतील. किसान सन्मानची रक्कम खात्यात जातेच आहे, वाट तयार आहे.

५. पीएम-प्रणाम योजनेत खताचा वापर घटवणाऱ्या राज्याला वाचलेल्या अनुदानाची निम्मी रक्कम देण्याची तरतूद २०२३ साली झाली. अशी रक्कम राज्याच्या तिजोरीत विरू नये. ज्या गावांच्या पिण्याच्या विहिरी बिघडल्या आहेत, त्यांच्या पाणलोटातल्या शेतकऱ्यांना ती मिळावी. केळीला ठिबकमधून हप्त्याहप्त्यानं खत, कपाशीला माती परीक्षणानुसार मात्रा, कडधान्याची फेरपालट, अशा कामांवर पैसे द्यावेत. विहिरीतल्या आकड्यावर नव्हे. कारण आज थांबवलेल्या नत्राचा परिणाम विहिरीत दिसायला कित्येक वर्षं लागतात. ताऊपोतही जुन्या कुरणांचं नत्र भूजलातून अजून सरोवराकडे येतंच आहे.

६. सगळा दोष युरियाचा नाही. विहिरीला लागून असलेले उकिरडे, शोषखड्डे आणि गावाची गटारं हीही नायट्रेटची मुळं आहेत. उकिरडा हलवून पक्का खतखड्डा बांधणं वरच्या कामांत धरलंच पाहिजे.

७. जमीन सातबाऱ्यावर एकाची आणि कसणारा दुसराच, हे चित्र गावोगाव आहे. सातबारा पाहून पैसे वाटले तर महागलेली गोणी बटाईदार घेईल आणि रक्कम मालकाकडे जाईल. म्हणून कसणाऱ्याची नोंद आधी ग्रामसभेत, तलाठ्यासमोर व्हावी. त्याच ग्रामसभेत पावसाळ्याआधी आणि नंतर, वर्षातून दोनदा, गावच्या प्रत्येक पिण्याच्या विहिरीचा नायट्रेटचा आकडा वाचून दाखवावा आणि पंचायतीच्या फळ्यावर लिहावा. भाव बदलण्याचा निर्णय दिल्लीत होईल तेव्हा होईल. या दोन कामांना ग्रामसभेच्या ठरावापलीकडे कशाचीच वाट पाहावी लागत नाही.