डोंगराचं वैर
जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या खंडात (१९५४) नऊ सोबती कॅराध्रास डोंगराची खिंड चढू लागतात, तेव्हा त्यांना अडवायला ना राक्षस येतो, ना फौज. येतो तो बर्फ. वाट बुजते, वरून दगड कोसळतात, त्यांच्यातले बुटके हॉबिट गारठून पेंगू लागतात. सोबत्यांपैकी बोरोमिरच्या आग्रहाने बरोबर घेतलेली लाकडं जादूगार गँडाल्फ पेटवतो, म्हणून रात्र निभते. सकाळी बोरोमिर आणि दुसरा सोबती अ‍ॅरागॉर्न अंगाच्या बळावर बर्फ फोडतात, पण माघारी उतरण्यासाठी! पीटर जॅक्सन यांच्या २००१च्या चित्रपटात हे संकट सारुमान हा दुष्ट जादूगार मंत्राने आणतो. पुस्तकातल्या गिमली या सोबत्याला मात्र खात्री आहे, वैर डोंगराचंच आहे. आणि तेच जास्त भेदरवणारं आहे, कारण डोंगराशी तह करता येत नाही. या भीतीला अनुभवाचा आधार होता. १९११च्या उन्हाळ्यात, १९ वर्षांचे असताना, टॉल्किन स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये पायी हिंडले. अलेच हिमनदीजवळ बर्फ वितळून सुटलेले धोंडे गडगडत त्यांच्या वाटेवर आले आणि त्यातला एक त्यांच्या अगदी पुढून गेला.