आधी अख्खा डोंगर मोजा : कामणकरांचा जाहीरनामा

आमच्या डोंगरात कोळसा नाही. असता तर बरं झालं असतं, असं म्हणायची पाळी आता आमच्यावर आली आहे.

कोळशाची मोठी खाण काढायची म्हटली की कंपनीला नकाशा द्यावा लागतो, पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल करावा लागतो, त्याचा सारांश मराठीत गावापुढे ठेवावा लागतो आणि मांडव घालून जनसुनावणी घ्यावी लागते. नागपूरजवळ गोंडखैरीला 13 जुलै 2023 रोजी अशी सुनावणी झाली. गावकऱ्यांनी माइक हातात घेऊन अधिकाऱ्यांच्या तोंडावर ‘नको’ म्हटलं. ताडोबाच्या शेजारी लोहाऱ्याची खाण येऊ घातली होती, तेव्हा 2009 साली चंद्रपूरकर उपोषणाला बसले आणि दिल्लीनं ती खाण नाकारली. तिथे भांडण सोपं होतं असं आम्ही म्हणत नाही. पण समोर एक मोठी वस्तू होती, तिला नाव होतं, तिच्यावर बोट ठेवता येत होतं.

कामणचा डोंगर असा कुणी मागितलाच नाही. एकानं हेक्टरभर मागितला, शेजारच्यानं दीड हेक्टर, तिसऱ्यानं आपल्या सातबाऱ्यावरची टेकडी ‘सपाटीकरणासाठी’ दिली. प्रत्येक कागद छोटा, प्रत्येक परवानगी छोटी. खदानींची ही रांग लांबून बघा, म्हणजे कळतं की छोट्या छोट्या कागदांनी डोंगर खाल्ला. कुणीही, कधीही, ‘हा डोंगर काढू का?’ असं आम्हाला विचारलेलं नाही. कारण डोंगर काढायचा अर्ज कुठल्याच टेबलावर कधी आला नाही.

आमची चळवळ एवढ्या एका मुद्द्यावर उभी आहे. डोंगर तुकड्यातुकड्यांनी मोजू नका. आधी अख्खा मोजा, मग बोला.

हे आमच्या मनचं नाही. लहान लहान तुकडे पाडून नियमातून सुटण्याची युक्ती सर्वोच्च न्यायालयानं 2012 सालीच ओळखली होती. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात न्यायालयानं सांगितलं की पाच हेक्टरांच्या आतल्या गौण खनिजाच्या पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागेल. पुढे 2016 च्या अधिसूचनेनं ‘समूह’ ही कल्पना आणली : पाचशे मीटरच्या आत असलेल्या खदानी एकत्र धरायच्या. पण त्याच अधिसूचनेनं पंचवीस हेक्टरांपर्यंतच्या समूहाला जनसुनावणीतून सूटही दिली. दोन वर्षांनी राष्ट्रीय हरित लवादानं ती सूट मान्य केली नाही. समूह पाच हेक्टरांच्या वर गेला तर अहवालही हवा आणि सुनावणीही हवी. म्हणजे कायदा आमच्या बाजूचा आहे. तो अजून फक्त चिंचोटी फाट्यावरून आत, आमच्या कामणकडे वळलेला नाही. रस्ता खराब आहे, त्यालाही दोष देता येत नाही.

कामण कुठे आहे, हे वसई-विरारच्या लोकांनाही सांगावं लागतं. दिव्याला जाणाऱ्या गाडीचं ‘कामण रोड’ हे स्टेशन ठाऊक असतं, चिंचोटीचा धबधबा ठाऊक असतो, भिवंडीकडे जाताना मोडलेली कंबर ठाऊक असते. गाव कुणी बघत नाही. नकाशा उघडा. उत्तरेला तुंगारेश्वर अभयारण्य आहे, 2003 साली जाहीर झालेलं, सुमारे 85 चौरस किलोमीटरचं. दक्षिणेला, वसईच्या खाडीच्या अलीकडच्या काठावर, नागल्याचं जंगल आहे. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. खाडीनं तोडलेला तुकडा म्हणून ते आमच्या बाजूला राहिलं. या दोन जंगलांच्या मधे आम्ही राहतो. बिबट्याला इकडून तिकडे जायचं असेल तर त्याला आमच्या हद्दीतूनच जावं लागतं. जुन्या माणसांना हे कळण्यासाठी नकाशा लागला नाही. आम्हाला लागला, कारण मधल्या काळात आम्ही डोंगराकडे बघणं सोडून डंपरकडे बघायला लागलो होतो.

सर्वोच्च न्यायालयानं 26 एप्रिल 2023 रोजी पुन्हा एकदा स्पष्ट केलं आहे : राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात खाणकाम नाही, आणि त्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आतही नाही. एक किलोमीटर म्हणजे किती? कागदावर ती बोटभर रेघ आहे. जमिनीवर ती रेघ कुणी आखलेली आम्ही पाहिली नाही. वनखात्यानं आणि महसूल खात्यानं मिळून ती आखावी, दगड पुरावेत, चुना मारावा. आमची पोरं चुन्याची घमेली उचलायला तयार आहेत.

आता पाण्याचं.

आमचा दगड म्हणजे काळा पाषाण, सह्याद्री ज्याचा झाला तोच. भरीव पाषाण पाणी पीत नाही. पाणी असतं ते वरच्या कुजलेल्या थरात, मुरमात, आणि पाषाणाच्या भेगांत. पावसाळ्यात डोंगर भिजतो, मग तो हळूहळू, कंजूष माणसानं पैसे सोडावेत तसं, पायथ्याच्या विहिरींना आणि ओढ्यांना पाणी सोडत राहतो. मुरूम भरावासाठी गेला की पाणी धरणारा थर गेला. पाषाण खोल खणला की भेगा उघड्या पडतात, आजूबाजूचं पाणी खदानीत उतरतं, आणि काम चालू ठेवायला ते पंप लावून बाहेर फेकलं जातं. मग गावात टँकर येतो. ज्या डोंगराचं पाणी आम्ही फुकट पीत होतो त्याच डोंगराची खडी घेऊन जाणाऱ्या गाड्यांच्या मागे, त्याच खड्ड्यांतून, हेलकावे खात आमचं पिण्याचं पाणी येतं. हा हिशेब कुठल्या अहवालात येत नाही.

वर कामणदुर्ग आहे. दोन हजार फुटांहून उंच. तटबंदी बघायला गेलात तर निराश व्हाल, तिथे फारसं काही उरलेलं नाही. उरल्या आहेत त्या कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या. त्या कुणी खोदल्या यावर इतिहासकारांनी वाद घालावा. आम्हाला एवढंच दिसतं की ज्यांच्याकडे फक्त छिन्नी आणि हातोडा होता, त्यांनी हाच पाषाण फोडला तो पाणी साठवण्यासाठी. आम्ही तो पोकलेननं फोडतो आणि पाणी घालवतो.

धूळ आणि सुरुंग यांबद्दल फार लिहीत नाही. जे इथे राहतात त्यांना सांगायला नको, आणि जे राहत नाहीत त्यांनी एक दिवस क्रशरच्या वाऱ्याच्या दिशेला धुणं वाळत घालून बघावं. नियम मात्र सगळ्यांना पाठ असू द्या. क्रशरपासून 40 मीटरवर धुळीचं प्रमाण घनमीटरला 600 मायक्रोग्रॅमच्या आत हवं, पट्टे झाकलेले हवेत, पाण्याची फवारणी हवी, वाऱ्याला अडवणारी भिंत हवी. सुरुंग लावणारी खदान घरांपासून किमान 200 मीटर लांब असावी, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2020 साली सांगितलं आहे. भिंतीला गेलेला तडा ‘जुनाच आहे’ हे उत्तर आम्ही पुष्कळ ऐकलं. यापुढे प्रत्येक तड्यावर तारीख लिहून त्याचा फोटो काढला जाईल. तडा तारखेनंतर वाढला तर तो जुना कसा, ते साहेबांनी सांगावं.

आणि आता आमच्याबद्दल. जाहीरनाम्यात लोक दुसऱ्यांचे गुन्हे लिहितात, पण आमच्या पहिल्या बैठकीत निम्मा वेळ गेला तो आपल्याच माणसांवर. खदानीची जमीन कुणाची? गावातल्यांचीच. कर्ज काढून डंपर कुणी घेतले? गावातल्या पोरांनीच. गणपतीच्या वर्गणीची सर्वांत मोठी पावती कुणाच्या नावाची? क्रिकेटच्या सामन्यांची ट्रॉफी, देवळाच्या फरश्या, शाळेतल्या वह्या कुणाकडून? ही यादी वाचताना बैठकीत शांतता होती. एक जण उठून गेला. तो परत आला, तेव्हा त्यानं विचारलं, माझ्या डंपरचा हप्ता तुम्ही भरणार का?

त्याचा प्रश्न आम्ही टाळणार नाही. दगड कुठेच फोडू नका, असं आमचं म्हणणं नाही. आमची घरं दगडावर उभी आहेत, मुंबईही आहे. विरार-अलिबाग मार्गिका, बडोद्याकडे जाणारा द्रुतगती महामार्ग, बुलेट ट्रेन, हे सगळं वसईच्या पूर्वेकडून जातं आहे, आणि वर डहाणूजवळ वाढवण बंदराला 2024 साली मंजुरी मिळाली आहे, तिथे समुद्रात भराव घालायचा आहे. पालघर जिल्ह्यातल्या प्रत्येक टेकडीकडे आता कुणीतरी ब्रासच्या हिशेबानं बघतं आहे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. पण किती ब्रासला परवानगी आणि किती ब्रास गेले, हे ताडून बघायची यंत्रं शासनाकडे आहेत. ईटीएस मोजणीनं खड्ड्याचं घनफळ निघतं. ते काढा आणि रॉयल्टीच्या पावत्यांशेजारी ठेवा. फरक निघाला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 48(7) आहे, बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. गरीब डंपरवाल्याची गाडी अडवून चावी काढून घेणं ही त्या कलमाची अंमलबजावणी नव्हे. खड्डा मोजा, गाडी नंतर बघू.

खदानीत राबणारे मजूर बाहेरगावचे आहेत, पत्र्याच्या खोल्यांत राहतात, त्यांची मुलं धुळीत खेळतात. ते आमच्या विरोधातले नाहीत. पुण्याजवळ वाघोलीत खाणकामगारांच्या मुलांसाठी पाषाण शाळा चालल्या, म्हणजे हे करता येतं. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा पैसा खाणबाधितांसाठीच असतो. खाणबाधित म्हणजे मजूरही आणि विहीर आटलेला शेतकरीही. बंद पडलेल्या खदानींना कुंपण घालायला त्यातून पैसा निघायला हवा, आणि तो पुढच्या पावसाच्या आधी. त्या खड्ड्यांत पाणी साचलं की ते निळंशार दिसतं आणि पोरं उड्या मारायला जातात. पुढचं लिहीत नाही.

‘हरित वसई’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर केळीच्या वाड्या, पानवेली आणि बावखलं येतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समितीनं पाण्यासाठी आणि जमिनीसाठी जी लढाई दिली, ती नसती तर पश्चिमेला आज ते हिरवेपणही दिसलं नसतं. तिचं ऋण आम्ही मानतो. पण तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून सांगतो : त्या हिरव्या चित्रात डोंगर कधी नीट आला नाही. पूर्व म्हणजे मागची बाजू. मागच्या अंगणात सगळे राडारोडा टाकतात. यापुढे वसईचा हिरवा रंग रेल्वेच्या रुळांशी थांबू नये, एवढं पश्चिमेच्या भावाबहिणींकडे मागणं आहे.

आमच्याच जिल्ह्यात आणखी एक धडा आहे, आणि त्याचा कोळशाशी थेट संबंध आहे. डहाणूला कोळशावर चालणारं 500 मेगावॉटचं वीजकेंद्र उभं राहिलं. लोक न्यायालयात गेले. 1991 च्या अधिसूचनेनं तो तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला होता, आणि 1996 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. वीजकेंद्र बंद झालं नाही. पण धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवायला त्याला भाग पाडलं गेलं, आणि 1998 साली वाढवणच्या बंदराला नकारही मिळाला. पुढे तेच बंदर परत आलं, हाही धड्याचाच भाग आहे. एकदा जिंकलं म्हणून घरी जाऊन झोपायचं नसतं.

आम्ही काय करणार ते थोडक्यात. कामण, चिंचोटी, पोमण, नागले आणि आजूबाजूचे पाडे मिळून सगळ्या खदानींची एक वही करायची : कुणाचा गट, किती हेक्टर, मुदत कधी संपते, शेजारची खदान किती मीटरवर. माहिती अधिकारात अर्ज सगळ्यांनी मिळून नाही, घरटी एक असा करायचा. दर अमावास्येला विहिरींत दोर सोडून पाणी मोजायचं आणि आकडा देवळाच्या भिंतीवर लिहायचा. ग्रामसभा जिथे आहे तिथे ठराव. वसई तालुक्यातल्या ज्या गावांना आदिवासी भागांसाठीचा पेसा कायदा लागू आहे तिथे गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची शिफारस लागते, तिथल्या सभेला आम्ही बाहेरून जाऊन बसू, बोलणार मात्र त्याच गावचे लोक. जिथे महापालिकेमुळे ग्रामसभा उरलेली नाही, तिथे लोक पारावर बसतील. पाराला राजपत्राची गरज लागत नाही.

आणि खदानवाल्यांची वर्गणी बंद. गणपतीचीही. मूर्ती एक फूट लहान आणू. या एका कलमावर बैठकीत सर्वांत जास्त आवाज चढले. शेवटी ते मंजूर झालं, पण एकमतानं झालं असं आम्ही लिहिणार नाही.

चळवळीला अजून नाव नाही. तीन नावं सुचली, तिन्हींवर भांडण झालं. नावावाचून अडत नाही. अध्यक्ष कुणी नाही, पावतीपुस्तक नाही, निवडणुकीला उभं राहणाऱ्यानं आधी वही दुसऱ्याकडे द्यायची.

येत्या रविवारी सकाळी सहाला कामण रोड स्टेशनबाहेर जमायचं आणि कामणदुर्गावर चढायचं. वरून सगळ्या खदानी एका नजरेत येतात. तिथे बसून वहीचं पहिलं पान लिहायचं आहे. टेप, सुतळी, जुने सातबारे, ज्याच्या घरात जे असेल ते आणा. डंपरवाल्यांनीही यावं, खदानीत खालपर्यंत उतरलेली माणसं तेच आहेत, खोली त्यांच्याइतकी कुणाला सांगता येणार नाही. पाण्याची बाटली आपापली. टाक्यांतलं पाणी पिण्याजोगं आहे की नाही, ते वर गेल्यावर बघू.