पार्नेलचा हिशोब त्याच्या बहिणीकडे मागा

चार्ल्स स्टुअर्ट पार्नेलचं नाव निघालं की लोक एकच गोष्ट सांगतात. आयर्लंडचा हा 'बिनमुकुटाचा राजा' कॅथरीन ओ'शे या विवाहितेच्या प्रेमात पडला, १८९० साली घटस्फोटाचा खटला गाजला, पक्ष फुटला आणि १८९१ मध्ये ४५ व्या वर्षी गडी गेला. बाईपायी राज्य गेलं! झालं, संपली गोष्ट.

मला ही गोष्ट अर्धवट वाटते. पार्नेलचा हिशोब मांडायचाच असेल तर प्रेयसी राहू द्या बाजूला, त्याच्या धाकट्या बहिणीला विचारा. तिचं नाव अ‍ॅना.

आधी घराणं बघा. विकलोमधल्या अ‍ॅव्हनडेलचे हे प्रॉटेस्टंट जमीनदार, आई अमेरिकन. १८५९ मध्ये वडील वारले. इस्टेटी गेल्या मुलग्यांकडे, मुलींना सालीना थोडी रक्कम. तेरा वर्षांच्या चार्ल्सला अ‍ॅव्हनडेल मिळालं. हाच जमीनदार १८७९ मध्ये कुळांच्या लँड लीगचा अध्यक्ष झाला. हुसकावलेल्या कुळाची जमीन घेणाऱ्याशी बोलणंचालणं, देणंघेणं बंद करा, असं त्याने १८८० मध्ये एनिसच्या सभेत सांगितलं आणि थोड्याच दिवसांत कॅप्टन बॉयकॉटचं नाव जगाच्या तोंडी बसलं. हे मोठेपण मी नाकारत नाही.

पण पुढे काय झालं? ऑक्टोबर १८८१ मध्ये सरकारने त्याला किल्मेनहॅम तुरुंगात टाकलं आणि लीगवर बंदी घातली. पुढाऱ्यांनी आतून जाहीरनामा काढला: खंड भरू नका. अहो, जाहीरनामा काढायला काय जातं? घराबाहेर काढलेल्या कुळांना लाकडी खोपटी बांधून देणं, कैद्यांच्या जेवणाची सोय, 'युनायटेड आयर्लंड' हे पत्र लपूनछपून वाटणं, ही सगळी कामं अ‍ॅनाच्या लेडीज लँड लीगने केली. त्यासाठी बायका तुरुंगातही गेल्या.

मे १८८२ मध्ये ग्लॅडस्टनशी समझोता करून पार्नेल सुटला आणि बायकांनी फार पैसा उधळला म्हणून रागावला. कर्ज फेडायचं असेल तर संघटना गुंडाळा, ही त्याची अट. ऑगस्टमध्ये ती बंद झाली. अ‍ॅना त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाही.

कुणी म्हणेल, राजकारणात तडजोड करावीच लागते. मान्य. पण मग लढ्याचा आदेश देताना खर्चाचा विचार कुणी करायचा होता? कुळांना घराबाहेर पडायला सांगायचं आणि त्यांना छप्पर देणारीला उधळी म्हणायचं, हा कुठला न्याय? आमच्या आयटीत हे नेहमीचंच आहे. साहेब प्रेझेंटेशन देतो, आणि रात्री तीनला सर्व्हर उभा ठेवणारीला अप्रेझलमध्ये ओव्हरटाइमचा जाब विचारतात.

अ‍ॅनाने १९०७ मध्ये आपली बाजू लिहून काढली, 'द टेल ऑफ अ ग्रेट शॅम'. पुस्तक छापून आलं १९८६ मध्ये! २० सप्टेंबर १९११ रोजी इंग्लंडमधल्या इल्फ्राकूमला ती समुद्रात बुडून गेली. तिथे ती दुसऱ्याच नावाने राहत होती. त्यानंतर अकराच दिवसांनी डब्लिनमध्ये भावाच्या पुतळ्याचं अनावरण झालं.

पुतळा असू द्या. पण ओ'शेबाईंवर पार्नेलच्या पतनाचं खापर फोडण्याआधी, त्याने स्वतःहून मोडलेल्या संघटनेबद्दलही बोला की राव.