पाचवे चाक

घरात नवी वस्तू आली की वडीलधाऱ्यांचे मत विचारण्याची पद्धत आमच्या माळव्यात अद्याप टिकून आहे. विचारणाऱ्याने वस्तू बहुधा आधीच घेतलेली असते आणि सांगणाऱ्याने "छान आहे" याखेरीज काही म्हणू नये, असा उभयपक्षी अलिखित करार असतो. ज्येष्ठाच्या अखेरीस आमच्या पुतण्याने इंदूरच्या आमच्या घरासमोर गाडी उभी करून आम्हांस बाहेर बोलावले, तेव्हा आम्हीही या कराराचे निमूटपणे पालन केले. त्या "छान आहे"ची किंमत दोन महिन्यांनी जाम घाटात कळली. अशा गाड्या आता आपल्या पुष्कळ घरांतून दिसू लागल्या आहेत आणि त्यांची चाके बदलण्याची हौसही वाढली आहे, म्हणून ती हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गाडी म्हणजे २०२३ साली आपल्याकडे विक्रीस आलेली मारुतीची जिम्नी. महूपलीकडे आमची थोडी वडिलोपार्जित शेती आहे. पावसाळ्यात तेथील काळ्या मातीत साधी मोटार रुतून बसते, तेव्हा चारही चाकांना जोर देणारी गाडी घेणे वाजवीच होते. परंतु गाडीबरोबर आलेली पोलादी चाके पुतण्याच्या डोळ्यांत भरेनात. ती बारीक दिसतात, त्यांना रुबाब नाही, अशी त्याची तक्रार. म्हणून त्याने शहरातील एका दुकानातून अलॉयची चार रुंद चाके आणि त्यांवर तसेच भरदार टायर चढवून घेतले. खर्च लाखाच्या घरात गेला. चाके मडगार्डाबाहेर चांगली बोटभर डोकावत होती. "कशी दिसतात, काका?" त्याने विचारले. आम्ही उत्तर दिले ते वर आलेच आहे. खरे सांगावयाचे तर आम्ही पाहिले ते केवळ दिसणे आणि मनातल्या मनात मोजली ती केवळ किंमत. चाकाविषयी विचारावयाचा एकही प्रश्न आम्हांस सुचला नाही.

श्रावणात महेश्वरास जाण्याचा बेत ठरला. गाडीत आम्ही, पुतण्या, त्याच्या मातोश्री म्हणजे आमच्या वहिनी, आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या आमच्या आत्याबाई. घाटावर नर्मदामाईचे दर्शन झाले, अहिल्याबाईंच्या वाड्यात बसणे झाले, आणि दुपार कलल्यावर मंडलेश्वरवरून जाम घाटाची वाट धरली. विंध्याचा तो चढ पावसाळ्यात फार देखणा दिसतो. माथ्यावरचा जाम दरवाजा जवळ आला असता मागचे डावे चाक एका अणकुचीदार दगडावर गेले आणि टायर बाजूने फाटला. असे कोणाचेही होते. जॅक होता, पाना होता, गाडीच्या मागील दारावर स्टेपनी होती. दहा मिनिटांचे काम, असे म्हणून पुतण्याने बाह्या सरसावल्या.

स्टेपनी मात्र जुनी, पोलादी होती. दुकानातून चाके चारच घेतलेली. पाचव्याचा खर्च कशाला, असा विचार. नव्या अलॉय चाकांची छिद्रे अरुंद असल्यामुळे त्यांच्याबरोबर बारीक अंगाचे निराळे नट आले होते. तेच नट पोलादी चाकाला लावू गेले तो ते छिद्राच्या उतारावर नीट टेकेनात. पाना फिरे, नट आवळल्यासारखा वाटे, आणि चाक हाताने हलविले की किंचित डुले. मूळचे वीस नट कोठे आहेत? ते घरी, स्वयंपाकघराच्या फळीवर, बिस्किटांच्या जुन्या डब्यात जपून ठेवले होते!

इतक्यात एक ट्रक थांबला. चालकाने खाली उतरून चाक एकदा हलवून पाहिले आणि म्हणाला, "बाबूजी, इन नटों पर मत चलाना. पहिया निकल जाएगा." पुतण्याचे मत, हळूहळू वीसच्या वेगाने महूपर्यंत जाऊ. लाज वाटते, पण लिहावयास हवे: आम्हीही त्याचीच री ओढली. पाऊस धरला होता, धुके उतरत होते, आत्याबाईंना दम्याचा त्रास. नाही म्हणाल्या त्या आमच्या वहिनी. "चाक निघायचेच असेल तर ते वळणावरच निघेल," एवढेच बोलून त्या गाडीतून खाली उतरल्या आणि दगडावर जाऊन बसल्या. त्यांच्यापुढे आम्हां दोघा पुरुषांचे शहाणपण चालले नाही. धाकट्या पुतण्यास दूरध्वनी झाला. तो मोटारसायकलीवर बिस्किटांचा डबा घेऊन येईपर्यंत दोन तास लोटले. आत्याबाईंना धाप लागली होती. फवाऱ्याचे औषध जवळ होते म्हणून निभावले. त्या दोन तासांत पुतण्या एक शब्दही बोलला नाही.

परतल्यावर आम्ही त्यास घेऊन आमच्या ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. सारा जन्म जीप आणि जिप्सी यांच्याखाली पडून काढलेला माणूस. त्यांनी गाडीभोवती एक फेरी घातली आणि ज्या क्रमाने सांगितले त्याच क्रमाने त्यांचे सांगणे येथे देत आहोत.

पहिली गोष्ट, छिद्रांची संख्या जुळली म्हणजे चाक जुळले असे नव्हे. जिम्नीच्या चाकाला पाच छिद्रे असून ती ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास १३९.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेपाच इंच. गंमत अशी की दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपचेही माप हेच होते. आमच्या वडिलांजवळ एके काळी तशी एक जुनी जीप होती. तिच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे होते आणि नवखा माणूस ते सोडविण्याच्या नादात अधिकच आवळून बसे, हे आम्हांस आठवले. मिस्त्री हसून म्हणाले, "म्हणूनच सांगतो, वर्तुळ एक असले तरी आटे एक नसतात." वर्तुळाखेरीज मधले मोठे छिद्र पाहावे लागते. चाक हबच्या उंचवट्यावर घट्ट बसले पाहिजे. ते सैल असेल तर चाकाचा मध्य साधत नाही आणि वेगात सुकाणूचक्र थरथरते. तिसरे, नटाचा उतार आणि छिद्राचा उतार एकच हवा. घाटात आमचे अडले ते नेमके येथे.

दुसरी गोष्ट ज्याला दुकानदार ऑफसेट म्हणतात ती. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि चाक हबला जेथे टेकते ती थाळी, या दोहोंतील अंतर म्हणजे ऑफसेट. थाळी मध्यापासून बाहेरच्या अंगास असेल तर ते धन, आतल्या अंगास असेल तर ऋण. जिम्नीच्या मूळ चाकाची रुंदी साडेपाच इंच आणि ऑफसेट धन ५ मिलिमीटर. पुतण्याची नवी चाके आठ इंच रुंद आणि ऋण २०. कागदावर हिशेब केला तेव्हा प्रत्येक चाकाची बाहेरची कड पूर्वीपेक्षा साडेपाच सेंटिमीटरांहून अधिक बाहेर गेल्याचे निघाले. हाच तो रुबाब! त्याची किंमत बेअरिंगला मोजावी लागते, कारण भार जितका बाहेर तितकी तरफ लांब. खड्ड्यातून जाताना सुकाणूचक्र हाताला हिसका देते, पुढचे चाक पूर्ण वळविले की टायर आत घासतो, आणि चिखल मडगार्डाऐवजी दारांवर व मागून येणाऱ्यावर उडतो.

तिसरी गोष्ट टायरच्या मापाची. मूळ टायर १९५/८० आर १५. त्याची उंची सुमारे ६९३ मिलिमीटर. नव्याचे माप २३५/७५ आर १५, उंची सुमारे ७३३. चाळीस मिलिमीटरांचा हा फरक डोळ्यांस क्षुल्लक वाटतो. परंतु त्यामुळे वेगदर्शक काटा साठ दाखवी तेव्हा गाडी प्रत्यक्षात साडेत्रेसष्टाने धावत असे. त्याहून मोठा घोटाळा स्टेपनीचा. या गाडीत चारही चाकांना जोर दिला की पुढचा व मागचा दांडा एकमेकांस जखडले जातात. पुढे ७३३ आणि मागे एक ६९३ अशी चाके असताना तो दट्ट्या ओढला तर दंतचक्रे एकमेकांशी झगडू लागतात. म्हणजे चिखलात ज्या सोयीसाठी गाडी घेतली, टायर फाटल्यावर नेमकी तीच सोय हातची गेली.

रुंद टायर चिखलात तारतो, ही समजूतही सर्वत्र खरी नाही. वाळूत रुंदी उपयोगी पडते. आमच्या माळव्यातली काळी माती मात्र टायरच्या नक्षीत भरून चाकाचा गुळगुळीत गोळा करून टाकते. तेथे अरुंद टायर मऊ थर कापून खालच्या कठीण जमिनीवर टेकण्याची आशा तरी असते. तसेच रिम मोठी घेऊन टायरची बाजू आखूड करणे हे दगडधोंड्यांच्या वाटेवर वेडेपणाचे. टायरची उंच बाजू हीच रिमची गादी. हवा थोडी कमी करून दगडावरून जावयाचे तर ती गादी हवीच.

चौथी गोष्ट धातूची. पोलादी रिम वाकते, आणि गावातला लोहार तिला घरी पोहोचण्याइतकी सरळ करू शकतो. ओतीव अलॉय वाकण्याऐवजी तडकते, आणि तडकलेली रिम झाळून वापरणे म्हणजे जिवाशी खेळ. याचा अर्थ अलॉय वाईट असा नव्हे. चांगले अलॉय बहुधा हलके असते, आणि स्प्रिंगांखालचे वजन कमी झाले की गाडी खड्ड्यांत कमी आपटते. मात्र रिमच्या आतल्या अंगास ती किती किलो भार सोसते हे कोरलेले असावे, आणि जपानी मानकाची जेडब्ल्यूएल किंवा तत्सम अधिकृत खूण असावी. जिम्नीचे माणसे-सामानासह कमाल वजन १५४५ किलो ठरविलेले आहे. ते चारही चाकांवर सारखे पडत नाही आणि खड्ड्यात तर एकाच चाकावर आदळते, म्हणून भाराच्या आकड्यात भरपूर सवड हवी. पुतण्याच्या चाकांवर एकही आकडा सापडला नाही. तेव्हा मिस्त्रींनी हात पुसले आणि ते गप्प राहिले.

कायद्याचीही एक बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ घडणीत फेरफार करण्यास आळा घालते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाही असे स्पष्ट केले. मडगार्डाबाहेर डोकावणारी चाके पोलिसांच्या दृष्टीस सहज पडतात, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी प्रथम तीच पाहते. चाके बदलण्यापूर्वी विमा कंपनीस लेखी कळविणे केव्हाही श्रेयस्कर.

पुतण्याने ती चाके निम्म्या किमतीस विकली. नवरात्रापूर्वी तो पुन्हा चाके घेण्यास निघाला, तेव्हा या खेपेस मिस्त्रींचा कागद आमच्या खिशात होता. पहिल्या दुकानातील चाकांचे ऑफसेट ऋण निघाले. दुसऱ्यातील चाकांवर भाराचा आकडा नव्हता. तिसऱ्या ठिकाणी पंधरा इंच व्यासाची, सहा इंच रुंदीची, मूळच्या इतक्याच ऑफसेटची आणि ६९० किलोचा आकडा कोरलेली चाके मिळाली. टायर मूळच्याच मापाचे घेतले, फक्त नक्षी जाडीभरडी. आणि चाके घेतली ती पाच. स्टेपनीचे वजन मागील दाराच्या बिजागऱ्यांवर लोंबते, म्हणून तेही ताजव्यावर तोलून पाहिले. पुस्तिकेत दिलेल्या जोराइतकेच नट आवळले, आणि शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा तपासले. ही शेवटची खबरदारी पुष्कळ लोक विसरतात.

दुकानदाराने विचारले, "पाचवे कशाला? ते तर झाकूनच राहते." पुतण्या म्हणाला, "त्याच्यावर माझी आई घरी येते."

वाचकहो, चाके निवडताना आपण ती दारात उभी असताना कशी दिसतील याचा विचार करतो. ती निवडावयाची असतात ती अंधारात, पावसात, लांबच्या वाटेवरून घरी परतण्यासाठी. आणि कोणी आपणास "कशी दिसतात?" असे विचारलेच, तर "छान आहेत" म्हणण्यापूर्वी "पाचवे कोठे आहे?" एवढे विचारण्याचा वडिलकीचा हक्क आपण सोडू नये. आम्ही तो एकदा सोडला होता. बिस्किटांचा तो डबा आता गाडीत असतो. त्यात जादा नट आहेत, आणि वहिनींनी आठवणीने ठेवलेले आत्याबाईंचे औषधही.