दीडशे ग्रॅमचे अभयदान



पर्युषणपर्व जवळ आले की आपल्या समाजात अभयदानाचा विषय निघतो. कोणी बाजारातून बोकड सोडवून पांजरपोळात पोहोचवतो, कोणी पिंजऱ्यातील पक्षी विकत घेऊन मोकळे करतो. या जुन्या यादीत अलीकडे गिनीपिग या अनोळखी जीवाची भर पडली आहे. दुकानाच्या कोंदट पिंजऱ्यात मलूल बसलेले पिल्लू पाहून तरुण मुलांना कणव येते, ती ते घरी घेऊन येतात आणि घरातील वडीलधाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहतो. एका श्राविका भगिनींचे पत्र याच आशयाचे आहे. नातवाने आणलेले पिल्लू महिनाभराचे असल्याचे दुकानदाराने सांगितले; वजन अवघे १५० ग्रॅम, अंगावरचे केस विस्कटलेले, खाण्याकडे पाठ. दूध पाजावे का? घरात चौविहार असताना रात्री खाऊ घालावे का? की सरळ पांजरपोळात सोडावे?

जन्मलेले निरोगी पिल्लू साधारण साठ ते शंभर ग्रॅमचे असते आणि तीनेक आठवड्यांत दुप्पट होते. महिन्याच्या पिल्लाने अडीचशेच्या आसपास जायला हवे. तेव्हा दीडशे ग्रॅम म्हणजे केवळ अशक्तपणा नव्हे, धोका आहे.

दुधाचा विचार प्रथम मनातून काढून टाकावा. तीन आठवड्यांनंतर या पिल्लाला दुधाची गरज उरत नाही आणि गाई-म्हशीच्या दुधाने त्याला जुलाब होतात. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतला, हजारो वर्षांपूर्वी माणसाळलेला तृणभक्षी जीव आहे. त्याचे आतडे अखंड चालू राहावे लागते. गवत पोटात जात राहिले तरच ते चालते. अर्धा-एक दिवस पोट रिकामे राहिले की आतडे मंदावते, वायू धरतो आणि मग भूक असूनही खाणे सुटते. म्हणून ‘आज खाल्ले नाही, उद्या खाईल’ हा आपल्याकडचा धीराचा विचार येथे घातक ठरतो.

दुसरे व्यंग जन्मजात आहे. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ साली नॉर्वेच्या ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख यांनी केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांना स्कर्व्ही होतो हे दाखवून दिले. आज आपल्या हाती असलेले हे ज्ञान त्या मुक्या जीवांच्या वेदनेतून आले आहे. त्यांच्याच वंशातील एखादे पिल्लू त्या ज्ञानाने वाचत असेल तर ते वापरण्यात कुचराई नसावी. दुकानात बहुधा भिजवलेले हरभरे, मका, काकडी एवढेच मिळते. दोन-तीन आठवडे असे गेले की सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येते, उचलले तरी पिल्लू विव्हळते. उपाय साधा आहे: ढोबळी मिरचीचा तुकडा, कोथिंबीर, चालत असल्यास आवळ्याचा अगदी लहानसा कीस. आजारी पिल्लाला याखेरीज औषधी मात्रा लागते, ती वजनावरून पशुवैद्याने ठरवावी. पाण्यात औषध मिसळून ठेवू नये. त्याचा गुण लवकर नष्ट होतो.

घरात कंदमुळे येत नाहीत याची चिंता करणाऱ्यांनी निश्चिंत असावे. गाजरावाचून याचे काही अडत नाही. बटाटा, कांदा आणि लसूण तर त्याला अपायकारकच आहेत. (यावरून कोणी आपल्या आहारनियमांचे शास्त्रीय प्रमाण काढू नये, हा निव्वळ योगायोग आहे.) मुख्य अन्न मात्र गवतच: वाळलेले गवत सतत समोर हवे, शिवाय फवारणी न झालेली ताजी हरळी आणि वाढत्या वयात थोडा लसूणघास.

स्वतः खात नसेल तर गवताचे पेलेट कोमट पाण्यात भिजवून पातळ पिठले करावे आणि सुई नसलेल्या सिरिंजने तोंडाच्या बाजूने, पुढच्या दातांमागे, थेंबथेंब द्यावे. पिल्लाला उताणे कधीही धरू नये. अन्न श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला सूज येते. ते चावते, गिळते, मगच पुढचा थेंब. एवढ्या लहान जीवाला दिवसभरात दहा-बारा मिलीलीटर पुष्कळ झाले, पण ते दर तीन-चार तासांनी विभागून. पोट फुगून टणक झाले असेल तर भरवू नये, तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा रोज एकाच वेळी वापरून आकडा वहीत लिहावा. डोळ्यांना पिल्लू ‘बरे वाटते’ असे दिसते, काटा तसे म्हणेलच असे नाही.

आता चौविहाराचा प्रश्न. प्रत्याख्यान हे स्वतःच्या आहाराचे असते. चौविहार पाळणारी माताही रात्री तान्ह्याला पाजते. तिचे व्रत त्याने मोडत नाही. उलट अहिंसा अणुव्रताचे जे पाच अतिचार श्रावकाला सांगितले आहेत, त्यांत आश्रित प्राण्याचे अन्नपाणी अडवणे हा एक आहे. ज्या जीवाचे आतडे रात्रभर रिकामे राहिल्याने थांबू शकते, त्याला आपल्या नियमाखातर उपाशी ठेवणे त्याच अतिचारात मोडते, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्रिभोजनत्यागामागची जीवरक्षेची दृष्टी येथे यतनेच्या रूपाने सांभाळता येते: कोरडे पेलेट दिवसाच मोजून झाकून ठेवावेत, रात्री लागेल तेवढेच भिजवावे, उरलेले आंबू न देता सिरिंज आणि वाटी लगेच धुवावी. अशक्त पिल्लू थंड पडते, म्हणून कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली पिंजऱ्याच्या एका बाजूस ठेवावी. दुसरी बाजू मोकळी असावी, म्हणजे उकडल्यास त्याला सरकता येईल.

औषधाच्या बाबतीत एक कडक इशारा. घरातील मुलांचे उरलेले अमॉक्सिसिलिनचे सिरप कोणाच्याही सांगण्यावरून देऊ नये. पेनिसिलिनच्या जातीची औषधे तोंडावाटे दिल्यास गिनीपिगच्या आतड्यातील उपकारक जिवाणू मरतात आणि काही दिवसांत प्राणीही दगावतो. कुत्र्या-मांजरांवर उपचार करणाऱ्या प्रत्येकालाच या प्राण्याचा अनुभव असतो असे नाही; तो आहे का, हे आधी विचारावे. अंगावर खरूज असेल तर औषधाने सूक्ष्म जीव मरतात, हा विचार काहींना अस्वस्थ करतो. गृहस्थाने संकल्पी हिंसा सोडायची असते. येथे संकल्प बरे करण्याचा आहे. तरीही शंका राहिली तर गुरुमहाराजांना विचारावे, मात्र तोवर पिल्लाला खाजवत ठेवू नये.

पांजरपोळात पाठवण्यापूर्वी तेथे या प्राण्याची सोय आहे का, ते फोन करून विचारावे. गाई-कबुतरांसाठी असलेल्या जागेत दीडशे ग्रॅमचा जीव टिकत नाही. बागेत सोडणे तर मांजरांच्या व कावळ्यांच्या स्वाधीन करणेच आहे. भारतात त्याचे रानच नाही, तेव्हा घराचा प्रशस्त, लपायला आडोसा असलेला कोपरा हीच त्याची मुक्तता. घरी आधीचे गिनीपिग असतील तर नव्याला दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावे.

राहता राहिले विकत घेऊन सोडवणे. नातवाची कणव खरी आहे, पण त्याने दिलेल्या पैशांतून त्याच पिंजऱ्यात दुसरे पिल्लू येते. २०१८ च्या नियमांनुसार अशा दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे. ती आहे का हे विचारावे, पिंजऱ्याची छायाचित्रे घ्यावीत आणि जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे लेखी तक्रार द्यावी. अर्जाची एक प्रत पोचपावतीसह स्वतःजवळ ठेवावी.